सुईआधीचा प्रश्न

फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. स्थानबद्धतेला दीड वर्ष झालं होतं, हृदय थकलं होतं आणि त्यातच न्यूमोनियाने गाठलं होतं. देवदास गांधींच्या खटपटीने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन आलं. तेव्हा हे औषध मुख्यतः लढाईवरच्या सैनिकांसाठी राखलेलं असे. सामान्य माणसाने त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल, हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. शेवटच्या घटकेला त्या देहाला आणखी यातना नकोत, असं त्यांना वाटलं. औषध दिलं गेलं नाही आणि २२ फेब्रुवारीला संध्याकाळी बा गेल्या. पुढे दहा वर्षांनी त्याच पुण्याजवळ, पिंपरीच्या माळावर, त्याच औषधाचा देशातला पहिला सरकारी कारखाना उभा राहू लागला.

त्या कारखान्याच्या वसाहतीत मी वाढले. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे फर्मेंटेशन विभागात होते. पुढे मी सरकारी रुग्णालयांत परिचारिका झाले आणि अण्णांच्या कारखान्यात तयार झालेलं औषध वर्षानुवर्षं लोकांच्या दंडात आणि कमरेत टोचत आले. पेनिसिलीनच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण हे औषध माणसाला तारतं की मारतं, हे अखेर सुई हातात घेतलेला माणूस आधी काय विचारतो आणि नंतर किती वेळ थांबतो, यावर ठरतं. त्या विचारण्याचा आणि थांबण्याचाही एक इतिहास आहे. तो कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

सुरुवात सर्वांना ठाऊक आहे. १९२८च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतूंच्या एका बशीत बुरशी आलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले. पुढची दहा-अकरा वर्षं त्या शोधाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते काम हाती घेतलं. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन दिलं. औषध न मिळालेले चार उंदीर सकाळपर्यंत मेले होते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसावर हे औषध पहिल्यांदा उपचार म्हणून वापरलं गेलं. चेहरा आणि डोळे पुवाने भरलेला तो माणूस चार-पाच दिवसांत उठून बसला, जेवू लागला. पण साठा अपुरा होता. त्याच्या लघवीतून औषध परत काढून त्याला टोचण्यापर्यंत डॉक्टर गेले, तरी ते संपलं. आजार उलटला आणि मार्चमध्ये तो मरण पावला. अर्ध्यावर थांबलेला उपचार म्हणजे काय, हे या औषधाच्या पहिल्याच रुग्णाने जगाला दाखवलं. फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना १९४५चं नोबेल मिळालं. तेव्हाच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी इशाराही दिला होता: हे औषध एक दिवस कुणालाही दुकानात मिळेल, अजाण माणूस ते कमी मात्रेत घेईल, आणि त्यामुळे जंतू मरण्याऐवजी औषधाला सरावतील. पुढे तसंच घडलं.

युद्धकाळात अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेने दोन गोष्टी साधल्या. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं दाट पाणी, म्हणजे कॉर्न स्टीप लिकर, बुरशीला खाद्य म्हणून दिलं तर पेनिसिलीन अनेक पटींनी वाढतं, हे तिथे कळलं. आणि बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर अशी बुरशी सापडली की ती मोठमोठ्या टाक्यांत, खोल द्रवातही जोमाने वाढे. बशीत आणि बाटलीत वाढणारं औषध त्यानंतर टाकीत वाढू लागलं.

ती टाकी पिंपरीला आली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. भारतात औषधं सरकारने स्वतः बनवावीत, असा आग्रह धरणाऱ्यांत हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी हे प्रमुख होते. परदेशी कंपन्यांकडून तयार औषध घेऊन ते इथे नुसतं बाटलीत भरायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. बुरशी वाढवण्यापासून पांढऱ्या भुकटीपर्यंतचं सगळं ज्ञान या मातीत रुजलं पाहिजे, ही त्यांच्या पिढीची धारणा होती. मार्च १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. आम्ही मात्र हे लांबलचक नाव कधी घेतलं नाही. आमच्यासाठी ती ‘एच. ए.’ होती. एच. ए. कॉलनी, एच. ए.ची शाळा, एच. ए.चा भोंगा. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला तेव्हा फार वस्ती नव्हती. पिंपरीला फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी होती, आणि बाकी शेतं. पुढे उभ्या राहिलेल्या पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीतला हा सुरुवातीचा मोठा कारखाना.

अण्णा तिन्ही पाळ्या करत. रातपाळी करून ते घरी आले की त्यांच्या कपड्यांना ओलसर, गोडसर, कुबट असा वास असायचा. आम्हा मुलांना तो वास वडिलांचाच वाटे. घरात शिरताना त्यांचा चेहरा पाहून आई ओळखायची: “बॅच गेली का?” बॅच जाणं म्हणजे काय, ते मला फार नंतर समजलं. हजारो लिटरच्या त्या टाकीत बुरशीला सतत हवा लागते आणि ती हवा पूर्ण निर्जंतुक असावी लागते. एखाद्या झडपेतून, एखाद्या सांध्यातून बाहेरचे जंतू आत शिरले की त्यांतले काही पेनिसिलीन फोडणारं विकर बनवतात आणि दिवसांची मेहनत काही तासांत नासते. ते विकर चेन आणि अब्राहम यांनी १९४०मध्येच ओळखलं होतं, म्हणजे पहिल्या रुग्णाला औषध मिळण्याच्याही आधी. अण्णा शास्त्रज्ञ नव्हते. पण जंतू औषधाला पुरून उरतात, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होतं. घरात कुणी औषधाची गोळी मध्येच सोडली की ते चिडत.

टाकीतला द्रव गाळून बुरशी वेगळी करायची. गाळलेला द्रव थंड करून आम्लात घ्यायचा, विद्रावकाने त्यातलं पेनिसिलीन ओढून घ्यायचं आणि मग त्याचे स्फटिक करायचे. ही भुकटी भरण्याच्या खोलीत काम करणाऱ्यांना डोक्यापासून पायापर्यंत झाकून घ्यावं लागे. औषधात बाहेरचं काही पडू नये, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण माणसाच्या बाजूचं होतं. पेनिसिलीनची धूळ सतत अंगावर आली की काहींच्या हातांना, पापण्यांना पुरळ येतं, खाज सुटते. अशा कामगाराला त्या विभागातून हलवावं लागतं. जगभरच्या पेनिसिलीन कारखान्यांचा हा अनुभव आहे. पुढे माझ्या नोकरीत स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं भरून भरून बोटांना भेगा पडलेल्या सिस्टर मी पाहिल्या. म्हणजे औषधाची ॲलर्जी रुग्णालाच होते असं नाही. ते बनवणाऱ्याला आणि टोचणाऱ्यालाही होते.

एच. ए.ने नुसतं पेनिसिलीन केलं नाही. साठीच्या दशकात तिथे स्ट्रेप्टोमायसिन होऊ लागलं. क्षयाच्या रुग्णांचे प्राण त्याने वाचवले, आणि काहींचा तोल व कानही त्यानेच नेला. संशोधन विभागात डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचं नवं औषध शोधलं. त्या जीवाला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि औषधाला हॅमायसिन. ‘हॅ’ म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. आमच्या गावाचं नाव शास्त्राच्या पुस्तकात गेलं, याचा कॉलनीत केवढा अभिमान होता! आणि त्या औषधाची गरज का होती, तेही पाहण्यासारखं आहे. अँटिबायोटिक फार दिवस घेतलं की तोंडातले, योनीतले निरुपद्रवी जंतूही मरतात आणि तिथे बुरशी माजते. लहान मुलाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसतो तो हाच. एका औषधाच्या दुष्परिणामावरचा उतारा त्याच कारखान्यात निघाला होता.

मी नोकरीला लागले तेव्हा ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात पेनिसिलीन तीन रूपांत असे. पहिलं ‘क्रिस्टलाइन’. पाच लाख, दहा लाख युनिटच्या छोट्या बाटल्या. दहा लाख युनिट म्हणजे जेमतेम ०.६ ग्रॅम भुकटी. हे झपाट्याने काम करतं आणि झपाट्याने लघवीवाटे निघून जातं, म्हणून दर चार-सहा तासांनी द्यावं लागतं. गांधीजींनी ज्या सुयांना नको म्हटलं त्या याच. दुसरं ‘पी. पी. एफ.’, म्हणजे फोर्टिफाइड प्रोकेन पेनिसिलीन. त्यात तीन लाख युनिट सावकाश उतरणारं आणि एक लाख लगेच उतरणारं, मिळून चार लाख. दिवसातून एकदा पुरे. खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षं चालली ती हीच दुधाळ सुई. तिसरं बेंझाथिन. एकदा दिलं की तीन-चार आठवडे अंगात थोडं थोडं झिरपत राहतं.

तिन्हींना ‘पेनिसिलीन’ म्हणत असले तरी तिन्हींची वागणूक वेगळी, आणि इथेच पहिला धोका. क्रिस्टलाइन शिरेतून देता येतं. पी. पी. एफ. आणि बेंझाथिन मात्र कधीही शिरेत जाता कामा नये. ती स्नायूतच द्यायची. सुई आत गेल्यावर सिरिंजचा दट्ट्या थोडा मागे ओढायचा, रक्त आलं तर सुई काढायची आणि दुसरी जागा घ्यायची. प्रोकेन पेनिसिलीन चुकून रक्तात गेलं तर माणूस एकदम दचकतो. आपण आत्ता मरणार असं त्याला वाटतं, कानात आवाज येतात, भास होतात. काही मिनिटांत ते निवळतं. १९५९ मध्ये होइन्ये नावाच्या डॉक्टरने याचं वर्णन केलं आणि ते ॲलर्जीपासून वेगळं काढलं. असा प्रकार झाला की रुग्णालयात ‘रिॲक्शन’ म्हणून लिहून टाकत आणि त्या माणसाला जन्मभर पेनिसिलीन बंद होई. खरं तर दोष औषधाचा नसे, तो टोचण्याचा असे. जागाही ठरलेली: कुल्ल्याचा वरचा, बाहेरचा चौथा भाग. खाली किंवा आत सरकलं तर पायाची मोठी नस दुखावते. बेंझाथिन दाट असतं, बारीक सुईत अडकतं, म्हणून जाड सुई घ्यायची, बाटली नीट हलवायची आणि सावकाश द्यायचं. आमच्या मेट्रनबाई हे रोज बजावत. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुयांची टोकं कापसावर ओढून तपासायची आणि हूक आलेली सुई बाजूला ठेवायची, हे सगळं त्या शिस्तीचाच भाग होतं.

दुसरा धोका ॲलर्जीचा. चाळीसच्या दशकात पेनिसिलीन हे बिनत्रासाचं औषध समजलं गेलं. पाश्चात्त्य देशांत ते मलमात घातलं, घसा दुखला की चघळायच्या वड्यांत घातलं. कातडीवर आणि तोंडात असं वारंवार लागल्याने कितीतरी माणसांची शरीरं त्याला ओळखू लागली आणि पुढच्या भेटीत त्याच्यावर तुटून पडू लागली. पेनिसिलीनने तत्काळ मृत्यू झाल्याची नोंद १९४९मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आली. मलमं आणि वड्या मागे पडल्या. ब्रिटनने त्याआधीच, १९४७ मध्ये, खास कायदा करून पेनिसिलीन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली होती. आमच्याकडे आणखी एक वाट होती आणि अजून आहे: गाई-म्हशींच्या कासदाहावर सडात पेनिसिलीन सोडतात आणि लगेच त्याच जनावराचं दूध विकतात. ते दूध नळीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत टाकून द्यायचं असतं.

ॲलर्जी आधीच ओळखता यावी म्हणून आली ‘टेस्ट डोस’. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत अगदी थोडं औषध टोचायचं, भोवती बॉलपेनने गोल काढायचा आणि वाट पाहायची. गाठ वाढली, लाल झाली, खाज सुटली, तर औषध द्यायचं नाही. माझ्या पिढीच्या प्रत्येक परिचारिकेने असे असंख्य गोल काढले. त्या गोलाने जीव वाचवले यात शंका नाही, पण त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला गेला. शरीरात पेनिसिलीन मोडून त्याचे वेगवेगळे तुकडे होतात आणि ॲलर्जी बहुतेक वेळा त्या तुकड्यांची असते. त्यांची शास्त्रशुद्ध चाचणी करायला खास द्रव लागतात. बाटलीतलं साधं औषध टोचून मिळालेला ‘निगेटिव्ह’ म्हणजे पूर्ण अभय नव्हे.

मला आठवतो तो एक ऊसतोडणी कामगार, पंचविशीतला. कोयता लागून पायाला जखम झाली होती आणि ती चिघळली होती. आधी पेनिसिलीन घेतलंय का, विचारलं. घेतलंय, काही झालं नाही, म्हणाला. दमा नव्हता, अंगावर पित्त उठत नव्हतं. टेस्ट डोस कोरडी गेली. डॉक्टरांनी पी. पी. एफ. लिहिलं, मी दिलं आणि त्याला बाकावर बसवून ठेवलं. उठायचं नाही, अर्धा तास बस, म्हटलं. त्याला मुकादम बोलवत होता, टोळी निघाली होती. पाच मिनिटांत तो तळहात खाजवू लागला. मग आवाज बसला, ओठ सुजले, नाडी हाताला लागेना. त्याला आडवा केला, पाय उंच केले, डॉक्टर धावत आले आणि ट्रेमधलं ॲड्रेनलीन गेलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा गेलं. संध्याकाळी तो चहा मागत होता. तो अर्धा तास मी त्याला बसवून ठेवलं नसतं, तर तो उसाच्या ट्रकमध्ये मेला असता आणि कुणाला कारणही कळलं नसतं. त्याच्या केसपेपरवर आम्ही लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्याच्या बायकोला वेगळ्या कागदावर लिहून दिलं आणि तो कागद कायम जवळ ठेवायला सांगितला. कामगार दर हंगामात नव्या जिल्ह्यात जातो आणि केसपेपर रुग्णालयातच राहतो.

त्या काळी रिॲक्शन आली की हात आधी ‘ॲव्हिल’कडे आणि स्टेरॉइडकडे जात. अजूनही काही दवाखान्यांत जातात. ही औषधं खाज आणि पुरळ कमी करतात, पण कोसळणारा रक्तदाब आणि बंद होत चाललेला घसा त्यांनी सावरत नाही. तिथे पहिलं औषध ॲड्रेनलीनच. पूर्वी ते कातडीखाली देत. आता मांडीच्या बाहेरच्या स्नायूत देतात, कारण तिथून ते लवकर रक्तात पोचतं. पेनिसिलीन टोचणाऱ्या प्रत्येक ठिकाणी, मग ते कितीही छोटं असो, ॲड्रेनलीनची मुदतीतली कुपी हाताशी हवी. ती नसेल तर पेनिसिलीनही नको, इतका हा नियम सोपा आहे.

आणि तरीही मला भीतीची बाजू घ्यायची नाही, कारण भीतीनेही माणसं मारली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात १९६८ मध्ये या विषयावर मोठा आढावा आला. त्यातला अंदाज असा, की पेनिसिलीन घेणाऱ्या लाखभर माणसांत एक-दोघांचा ॲलर्जीने मृत्यू होतो. प्रत्येक मृत्यू मोठाच, पण हे औषध नाकारल्याने किती मेले, त्याची मोजणी कुणी ठेवली नाही. मी ती माणसं वॉर्डात पाहिली. पाच ते पंधरा वर्षांचं मूल, घसा दुखतो, कुणी लक्ष देत नाही. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे आळीपाळीने सुजतात. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर घाव घालतं. याला रुमॅटिक ताप म्हणतात. प्रत्येक नव्या संसर्गाने झडपा आणखी बिघडतात. दर २१ दिवसांनी बेंझाथिनची १२ लाख युनिटची सुई दिली तर हे थांबतं. लहानग्यांना त्याच्या निम्मं पुरतं. उपचार स्वस्त, जुना आणि परिणामकारक.

पण एखाद्या तालुक्यात एक मृत्यू झाला, वर्तमानपत्रात आला, डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला, की आसपासचे सगळे दवाखाने बेंझाथिन बंद करत. आई मुलीला घेऊन या दारातून त्या दारात फिरते, चिठ्ठी दाखवते आणि प्रत्येक ठिकाणी ऐकते, “आम्ही ही सुई देत नाही.” दोन-तीन सुया चुकतात. पुढच्या पावसाळ्यात मुलीला पुन्हा ताप येतो, आणि विशीत, पहिल्या बाळंतपणात, तिला धाप लागते. अशा कितीतरी बाळंतिणी मी पाहिल्या. १९९१ मध्ये अकरा देशांतल्या १७९० रुमॅटिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना मिळून ३२,४३० सुया दिल्या गेल्या होत्या. ॲलर्जी ५७ जणांना झाली, गंभीर धक्का चौघांना बसला आणि मृत्यू एक झाला. तो मृत्यू विसरायचा नाही. पण त्या हजारो सुयांनी किती हृदयं राखली, तेही विसरायचं नाही. अलीकडे, २०२२ मध्ये, अमेरिकन हार्ट असोसिएशनने आणखी एक गोष्ट पुढे आणली. सुईनंतर कोसळलेल्यांपैकी काहींना ॲलर्जी नव्हती. त्यांच्या झडपा आधीच इतक्या बिघडल्या होत्या की वेदना आणि घाबरणं हृदयाला सोसलं नाही. अशा अतिगंभीर रुग्णांना सुईऐवजी गोळी द्यावी, असा त्यांचा सल्ला आहे. म्हणजे सर्वांना एकच माप लावायचं नाही. रुग्ण पाहायचा, मग ठरवायचं.

याच बेंझाथिनच्या एकेका सुईने आपल्या देशातून यॉज नावाचा रोग गेला. चंद्रपूर-गडचिरोलीपासून ओडिशापर्यंतच्या जंगलपट्ट्यांत, आदिवासी मुलांच्या कातडीवर आणि हाडांवर घाव करणारा हा रोग. आरोग्यसेवक पाड्यापाड्यांवर चालत गेले, रुग्णाला आणि त्याच्या सहवासातल्या सर्वांना सुई दिली. देशातला शेवटचा रुग्ण २००३ मध्ये सापडला आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचं जाहीर केलं. ज्यांनी ती सुई धरली त्यांना भीती नव्हती असं नाही. त्यांनी ती योग्य रीतीने धरली.

आज वॉर्डात पी. पी. एफ. जवळजवळ दिसत नाही. पेनिसिलीनचा गाभा वेगळा काढता येतो हे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कळलं, आणि त्यापासून १९६१ मध्ये अँपिसिलीन, १९७२ मध्ये अमॉक्सिसिलीन बाजारात आलं. आज तुमच्या घरच्या औषधाच्या डब्यात जी अर्धी संपलेली पट्टी आहे ती बहुधा याच कुळातली. तिच्याबद्दल काही गोष्टी सांगते. सर्दी, साधा फ्लू आणि बहुतेक खोकले विषाणूंचे असतात. त्यांवर ही गोळी काहीही करत नाही. जुलाब, मळमळ आणि तोंडातली बुरशी हे तिचे नेहमीचे त्रास. क्लॅव्युलॅनिक ॲसिड जोडलेल्या गोळीने जुलाब जास्त होतात, आणि क्वचित, विशेषतः वयस्कर पुरुषांत, कावीळ होते. डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांना ती गोळी घेतल्याचं सांगायला हवं. अँटिबायोटिक संपल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनीही पाण्यासारखे किंवा रक्ताचे जुलाब लागले तर घरी बंद करणारी गोळी घेऊ नका, दाखवा.

ॲलर्जीबाबत दोन्हीकडचं सांगते. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, घशात घरघर, चक्कर हे औषध घेतल्यावर मिनिटांत किंवा तासाभरात झालं, तर तो तातडीचा प्रसंग. लगेच रुग्णालय गाठायचं, आणि ते औषध पुन्हा कधीही स्वतःहून घ्यायचं नाही. उलट, नुसते जुलाब झाले किंवा मळमळलं म्हणजे ॲलर्जी नव्हे. लहानपणी तापात गोळी दिली आणि अंगावर पुरळ आलं, तर ते अनेकदा ताप आणणाऱ्या विषाणूचंच असतं. परदेशी अभ्यासांत ज्यांच्या कागदावर ‘पेनिसिलीन ॲलर्जी’ लिहिलेलं असतं, त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांना नीट तपासल्यावर ती आढळत नाही. खरी असली तरी बहुतेकांत ती दहा वर्षांत ओसरते. हा शिक्का बिनतपासणीचा राहिला की त्या माणसाला प्रत्येक वेळी जास्त भारी, जास्त महाग आणि जंतूंना जास्त सराव देणारी औषधं मिळतात. म्हणून काय झालं होतं, किती वेळाने झालं होतं, कोणत्या वर्षी झालं होतं, हे डॉक्टरांना सविस्तर सांगा. पुन्हा घ्यायचं की नाही ते त्यांनी तपासून ठरवायचं.

कायदाही आहे. पेनिसिलीन कुळातली ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पाकिटावर लाल रेघ असते ती त्यासाठीच. मार्च २०१४ पासून काही अधिक भारी अँटिबायोटिक्ससाठी औषध दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. पण काउंटरवर “दोन गोळ्या द्या, घसा धरलाय” म्हणणारा गिऱ्हाईक आणि त्या देणारा दुकानदार, दोघेही फ्लेमिंग यांनी इशाऱ्यात रंगवलेलंच चित्र रोज पुरं करत असतात.

पिंपरीच्या कारखान्याचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. नव्वदीत स्वस्त परदेशी माल आला, कंपनी तोट्यात गेली, आजारी ठरली. टाक्यांतली बुरशी थांबली. देश पेनिसिलीन-जीसाठी मुख्यतः चीनवर अवलंबून राहू लागला, आणि हे अवलंबणं किती धोक्याचं आहे हे करोनाच्या साथीत सरकारला उमजलं. २०२४ मध्ये आंध्रातल्या काकिनाड्याला पेनिसिलीन-जीचा नवा मोठा कारखाना सुरू झाला, तोही सरकारी प्रोत्साहनातून. पिंपरीत ज्यांनी ही विद्या शिकली आणि शिकवली ती अण्णांची पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांनी मिळवलेलं ज्ञान आपण विकत घेण्याच्या सवयीपायी मोडू दिलं, ही आपली मोठी चूक झाली असं माझं मत आहे.

औषध कुठेही बनो, ते देतानाची शिस्त मात्र आपल्याच हातात आहे. डॉक्टर, सिस्टर किंवा दुकानदार यांनी विचारलं नाही तरी तुम्ही स्वतः सांगा: आधी कोणतं औषध सोसलं नाही, दमा आहे का, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. सुई घेतली की अर्धा तास तिथेच बसा, कितीही घाई असो. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढेच दिवस घ्या, उरलेल्या कुणाला देऊ नका. मुलाला रुमॅटिक ताप असेल तर २१ दिवसांची सुई एकदाही चुकवू नका, आणि एका दवाखान्याने नाकारलं तर जिल्हा रुग्णालयात जा. आणि कुठल्याही औषधाने त्रास झाला तर तो नोंदवा. त्यासाठी केंद्र सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही त्यावर फोन करू शकतात.